आमची मान तुमच्या हातात: क्रीडा प्रक्षेपण करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
थेट क्रीडा प्रक्षेपणाचे निर्माते, दिग्दर्शक आणि ग्राफिक्स विभागातील सर्व मंडळी,



मैदानात बसलेल्या माणसाला एक मोठी सोय असते. कुठे बघायचं ते तो स्वतः ठरवतो. गोलंदाज धावत येत असताना डीप पॉइंटचा गडी दोन पावलं आत सरकलेला त्याला दिसतो. चेंडू हवेत गेला की तो झेल घ्यायला धावणाऱ्याकडे बघतो, नाहीतर पळणाऱ्या फलंदाजांकडे, आणि कंटाळा आला तर भेळवाल्याकडेसुद्धा. घरी बसलेल्या आम्हा लोकांची मान मात्र तुमच्या हातात असते. तुम्ही वळवाल तिकडे आम्ही बघतो. गेली काही वर्षं ही मान तुम्ही नको तेव्हा आणि नको तिकडे वळवता आहात, आणि मधूनमधून डोळ्यांपुढे पाटीही धरता आहात. त्याबद्दल रीतसर तक्रार करावी म्हणून हे पत्र.

माझी ओळख एवढीच, की मी मुंबईच्या मैदानांवर क्लब सामन्यांचं गुणलेखन करतो. आझाद मैदानावर एका सामन्याचा सीमारेषेवरचा गडी दुसऱ्या सामन्याच्या स्लिपमागे उभा असतो. त्या गर्दीतही प्रत्येक चेंडूची नोंद व्हावी लागते. निर्धाव असला तरी टिंब द्यावंच लागतं. चेंडू दिसला नाही ही सबब गुणलेखकाला चालत नाही. टीव्हीवर सामना बघताना हीच सवय आड येते. एखादा चेंडू दाखवायचा राहिला की मला माझ्या वहीत कोरा चौकोन राहिल्यासारखं होतं, आणि हल्ली असे कोरे चौकोन फार झाले आहेत.

तक्रारी मांडण्याआधी तुमच्या धंद्याचं ऋण मान्य करतो. १९७७मध्ये केरी पॅकरने ऑस्ट्रेलियात आपली बंडखोर मालिका सुरू केली, तोवर क्रिकेटच्या प्रक्षेपणात मुख्य कॅमेरे खेळपट्टीच्या एकाच टोकामागे ठेवायची पद्धत होती. म्हणजे निम्मी षटकं प्रेक्षकाला यष्टिरक्षकाची पाठ बघत काढावी लागत. पॅकरच्या चॅनल नाइनने दोन्ही टोकांना कॅमेरे लावले आणि प्रत्येक चेंडू गोलंदाजाच्या मागून दिसू लागला. ते प्रक्षेपण उभं करणारा डेव्हिड हिल पुढे इंग्लंडला गेला. १९९२मध्ये स्काय स्पोर्ट्सवर फुटबॉल दाखवताना त्याने पडद्याच्या कोपऱ्यात गोलसंख्या आणि घड्याळ कायमचं बसवलं, आणि दोन वर्षांनी अमेरिकेतल्या फॉक्सवर तेच केलं. त्याआधी उशिरा टीव्ही लावणाऱ्याला स्कोअर काय झाला हे कुणीतरी सांगेपर्यंत ताटकळावं लागे. या दोन्ही सुधारणांचं मूळ एकच आहे: प्रेक्षकाच्या मनात या क्षणी कोणता प्रश्न आहे, हे कुणीतरी आधी ओळखलं. एकीत कॅमेरा योग्य जागी गेला, दुसरीत आकडा. तुमच्या खात्याचं सगळं काम खरं म्हणजे या दोन ओळींत मावतं.

आता तक्रारी.

पहिली जाहिरातींची, आणि तीच सगळ्यांत जुनी. पैसा कुठून येतो हे मला कळतं. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच मोसमांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एवढी रक्कम मोजणारा जाहिराती दाखवणारच, आणि त्याने त्या दाखवाव्यात. षटक संपल्यावर दाखवा, गडी बाद झाल्यावर दाखवा. आयपीएलमध्ये प्रत्येक डावात अडीच-अडीच मिनिटांचे दोन ‘स्ट्रॅटेजिक टाइम-आउट’ असतात, ते तर जणू तुमच्यासाठीच राखून ठेवलेले आहेत. भांडण आहे ते पुढच्या दहा सेकंदांचं. जाहिरात संपून चित्र मैदानावर येतं तेव्हा गोलंदाजाच्या धावेतली शेवटची चार पावलं उरलेली असतात. कोण गोलंदाजीला आला, कोणत्या टोकाकडून, वेगवान गोलंदाजाच्या जागी फिरकी का, स्लिप काढली का, लाँगऑनला कुणाला पाठवलं, यातलं काही कळायच्या आत चेंडू पडून गेलेला असतो. काही वेळा तर आम्ही परत येतो तेव्हा चेंडू सीमारेषेकडे चाललेला असतो, आणि समालोचक अशा आवाजात बोलत असतो, जणू आम्ही सुरुवातीपासून त्याच्याबरोबरच होतो.

क्रिकेटमध्ये दोन षटकांमधला वेळ हा रिकामा वेळ नाही, एवढं तुम्ही मान्य करा. कर्णधार सगळा विचार त्याच वेळात करतो. मर्यादित षटकांच्या आंतरराष्ट्रीय पुरुष सामन्यांत आता दोन षटकांमध्ये साठ सेकंदांचं घड्याळ लावलं जातं. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने त्या वेळात पुढचं षटक टाकायला तयार व्हायचं. दोनदा ताकीद मिळते, तिसऱ्या वेळी पाच धावांचा दंड. म्हणजे हे मिनिट आता खेळाचाच भाग झालं आहे. त्यातले पंचेचाळीस सेकंद तुम्ही घ्या. उरलेल्या पंधरा सेकंदांत मैदानाचं वरून एक चित्र, क्षेत्ररचना आणि नव्या गोलंदाजाचं नाव, एवढं आम्हाला द्या. ही मागणी मोठी नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे खेळ चालू असताना चित्र आक्रसून डावीकडे आणि खाली जाहिरातीची पट्टी येणं. तुमच्या धंद्यात त्याला ‘एल-बँड’ म्हणतात, आणि खालून सरकत येणाऱ्या आडव्या पट्टीला ‘ॲस्टन’. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ यांतला सातवा नियम तुमच्या विधी विभागाला पाठ असेल. जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे आणि तिने कार्यक्रमात व्यत्यय आणता कामा नये, असं त्याचं दहावं पोटकलम सांगतं. पडद्याच्या खालच्या भागात कार्यक्रमासोबत स्थिर किंवा सरकता मजकूर चालवणं, हे उदाहरण त्याने नाव घेऊन दिलेलं आहे. नियम करणाऱ्याने तुमची आजची पट्टी इतकी नेमकी वर्णन करून ठेवली आहे, आणि तरी ती रोज येते. चेंडू टाकला जात असताना पडद्याचा काही भाग बनियन, पानमसाल्याचा वेलदोडा आणि कर्ज देणारं ॲप यांनी व्यापलेला असतो. उरलेल्या भागात कोहली कव्हर ड्राइव्ह मारतो.

इथे एका निकालाची आठवण करून द्यायला हवी. १९९३च्या हीरो चषकाच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५मध्ये निकाल दिला, की प्रक्षेपणाच्या लहरी (एअरवेव्ह्ज) ही सार्वजनिक मालमत्ता आहे. खासगी वाहिन्यांना मैदान मोकळं होण्यात त्या निकालाचा मोठा वाटा आहे. पुढे २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल प्रसार भारतीला देणं बंधनकारक झालं, आणि तो हक्कधारकाच्या जाहिरातींशिवाय द्यायचा असंही त्यात लिहिलं आहे. म्हणजे जाहिरातीविना स्वच्छ चित्र अस्तित्वात असतं, ते तुमच्या ओबी व्हॅनमध्ये रोज तयार होतं आणि तुमच्याच लोकांच्या बोलण्यात त्याला ‘क्लीन फीड’ म्हणतात. पैसे भरून ॲप वापरणाऱ्या ग्राहकाला त्याच्या जवळपास जाणारं काही का मिळू नये? २०२३पासून आयपीएल बघताना फोनवर निरनिराळे कॅमेरे निवडता येऊ लागले. त्यांतच एक असा ठेवा, जो पॅव्हेलियनच्या गच्चीवरून सगळं मैदान एका चौकटीत दाखवेल आणि शेवटपर्यंत हलणार नाही. बघणारे थोडे असतील, पण ते तुम्हाला कायमचे धरून राहतील.

ॲपचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. फोनवरचं चित्र टीव्हीच्या काही सेकंद मागे असतं. इमारतीत खालच्या मजल्यावर जल्लोष होतो तेव्हा आमच्याकडे गोलंदाज अजून चेंडू घासत असतो. हे तांत्रिक कारणाने होतं, ते समजून घेता येईल. पण त्याच ॲपवर चित्राखालचा धावफलक पुढे पळतो, आणि गडी बाद झाल्याची सूचना चित्राच्या आधी वाजते. ते तरी तुमच्या हातातलं आहे. चित्र मागे असेल तर आकड्यालाही मागे थांबवा.

आता धावफलकाच्या पट्टीकडे येतो. गुणलेखक असल्यामुळे इथे मी जरा जास्त बोलेन, त्याबद्दल क्षमा असावी.

चांगली पट्टी न मागता उत्तर देते. धावा, गडी, षटकं, दोन्ही फलंदाज, स्ट्राइकवर कोण, गोलंदाजाचं पृथक्करण, चालू षटकातले चेंडू, आणि दुसरा डाव असेल तर किती चेंडूंत किती हव्यात. चालू षटकातले चेंडू छोट्या गोलांत दाखवण्याची कल्पना ज्याने काढली त्याला माझा नमस्कार. ती थेट स्कोअरबुकातून आलेली आहे. पण तुमची पट्टी दर मोसमात कपडे बदलते. कधी ती चंदेरी होते, कधी तिच्यात ज्वाळा येतात, कधी अक्षरं इतकी तिरकी होतात की ३ आणि ८ यांत फरक करायला चष्मा लागतो. देशातले किती लोक हे सगळं सहा इंचांच्या फोनवर बघतात, याची माहिती माझ्यापेक्षा तुमच्याकडे जास्त आहे. ग्राफिक्स तयार करणाऱ्याने ते मोठ्या मॉनिटरवर न तपासता बसच्या खिडकीशी बसून, उन्हात, मध्यम किमतीच्या फोनवर एकदा तपासावं.

आणि चौकार-षटकारानंतर अख्खा पडदा व्यापणारं ते चलच्चित्र. षटकार बसला हे आम्हाला दिसलेलं असतं. त्या क्षणी बघायचं असतं गोलंदाजाचा चेहरा, कर्णधाराचा हात, सीमारेषेवरच्या गड्याने पंचांना केलेली खूण. नेमक्या त्या दोन सेकंदांत तुम्ही एका कंपनीच्या नावासकट सोनेरी अक्षरं फिरवता.

‘विजयाची शक्यता’ दाखवणाऱ्या टक्क्यांवर फार शब्द घालवत नाही. तो आकडा कशावरून काढला हे सांगत नसाल, तर चहाच्या टपरीवरचं भाकीत मला जास्त विश्वासाचं वाटतं; तिथे निदान उलट विचारता येतं.

हिंदी ग्राफिक्समध्ये रहाणेचा ‘रहाने’ आणि तेंडुलकरचा ‘तेंदुलकर’ होतो, हे आम्ही हसून सोडून देतो. मराठी समालोचनाच्या प्रक्षेपणात तरी नावं मराठी माणसाकडून तपासून घ्या.

आता पंचांच्या फेरनिर्णयाचा गंभीर विषय. इथे तुमचं चित्र शोभेचं राहत नाही, तो पुरावा होतो आणि त्यावर माणूस बाद ठरतो. बॉल-ट्रॅकिंग २००१मध्ये इंग्लंडमधल्या चॅनल फोरने दाखवायला सुरुवात केली, तेव्हा ते प्रेक्षकाच्या समाधानासाठी होतं. २००८च्या भारत-श्रीलंका कसोटी मालिकेत फेरनिर्णयाचा प्रयोग झाला आणि तेच चित्र पंचांच्या कामाला लागलं. तेव्हापासून तुमच्या माणसाच्या हातून चुकीचं बटण दाबलं गेलं तर ती मनोरंजनातली चूक राहत नाही. २७ ऑक्टोबर २०२३ला चेन्नईत विश्वचषकाचा पाकिस्तान-दक्षिण आफ्रिका सामना होता. व्हॅन डर डुसेनच्या पायचीतच्या फेरनिर्णयात पडद्यावर आधी एक चित्र आलं आणि ते जाऊन वेगळं आलं. अपूर्ण ग्राफिक चुकून दाखवलं गेलं, नंतरचं बरोबर होतं, असा खुलासा आयसीसीने केला. खुलासा खराही असेल. पण तोवर लाखो लोकांनी दोन वेगवेगळे चेंडू पाहिले होते, आणि खुलासा त्या सगळ्यांपर्यंत पोचत नसतो.

नोव्हेंबर २०२४मध्ये पर्थच्या भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीत के. एल. राहुल यष्टिरक्षकाकडे झेलबाद ठरला. मैदानावरच्या पंचांनी नाबाद दिलेलं होतं. चेंडू बॅटजवळून गेला त्याच सुमारास बॅट पॅडला लागत होती. आलेखावर उमटलेला आवाज या दोहोंतला कोणता, हा सगळा प्रश्न. समोरच्या कॅमेऱ्याचं चित्र आणि आवाजाचा आलेख शेजारी-शेजारी मिळाला असता तर काही सांगता आलं असतं. तिसऱ्या पंचांनी आणखी कोन मागितले, पण हवा तो मिळाला नाही, आणि त्यांनी निर्णय बदलला. राहुल बाद होता की नव्हता यावर मी बोलत नाही. कॅमेरा मैदानात होता, चित्र घेतलं जात होतं, आणि निर्णय देणाऱ्याच्या टेबलावर ते पोचलं नाही, हे मला टोचतं.

अशा ठिकाणी संशयाला जागा मिळते. जानेवारी २०२२मध्ये केपटाऊनला अश्विनच्या चेंडूवर पायचीत दिलेला डीन एल्गार फेरनिर्णयात सुटला, तेव्हा भारतीय खेळाडू यष्टीतल्या मायक्रोफोनजवळ जाऊन यजमान वाहिनीवर राग काढू लागले. वाहिनीचा त्या बॉल-ट्रॅकिंगशी संबंध नव्हता; ते वेगळ्या कंपनीचं काम. म्हणजे तो राग अस्थानी होता. पण आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटूंनाही कोणतं चित्र कोण बनवतं हे नीट ठाऊक नसेल, तर आम्हाला कुठून असणार? फेरनिर्णय चालू असताना एक ओळ पडद्यावर द्या: हे चित्र कोणत्या यंत्रणेचं, कोणता कोन उपलब्ध नाही आणि का. ‘अंपायर्स कॉल’ आला की निम्मा चेंडू यष्टीवर लागत नसल्याने मैदानावरचा निर्णय कायम, हेही लिहा. हा नियम आमच्या घरात दर सामन्याला नव्याने समजावून सांगावा लागतो.

कॅमेऱ्याची ताकद मोठी आहे, हे मला नाकारायचं नाही. मार्च २०१८मध्ये त्याच केपटाऊनच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाच्या बँक्रॉफ्टच्या हातातला, चेंडू घासायचा पिवळा तुकडा कॅमेऱ्याने टिपला, आणि तिथून कर्णधार-उपकर्णधारांपर्यंत सगळे अडकले. ते काम पत्रकारितेचं होतं. उलट २८ मार्च २०१९ला बंगळुरूत आयपीएलच्या सामन्यात मलिंगाच्या शेवटच्या चेंडूवर पाय रेषेपुढे गेला होता, हे कळलं तेव्हा सामना संपला होता. पंचांनी पाहिलं नाही, कॅमेऱ्याने पाहिलं, पण उशिरा दाखवलं. पुढच्या वर्षी महिलांच्या टी-ट्वेंटी विश्वचषकात पुढच्या पायाचा नो-बॉल तिसऱ्या पंचांकडे गेला आणि तो घोळ मिटत गेला. चित्र वेळेवर योग्य माणसाकडे पोचलं की वाद कमी होतात, याचा एवढा सरळ पुरावा दुसरा नाही.

कॅमेरे वाढवा, पण ते खेळाच्या आड येऊ नयेत. डिसेंबर २०२२मध्ये मेलबर्नला तारेवरून फिरणाऱ्या कॅमेऱ्याने क्षेत्ररक्षण करणाऱ्या ॲनरिक नॉर्कियाला धडक देऊन खाली पाडलं. नशिबाने फार लागलं नाही.

धावा पळताना तुम्ही काय दाखवता तेही सांगतो. चेंडू डीप मिडविकेटकडे जातो, कॅमेरा चेंडूला चिकटतो, गडी वाकतो, उचलतो, फेकतो. फलंदाज किती पळाले, दुसऱ्या धावेला कोण नको म्हणाला, कोण अर्ध्यातून वळला, हे त्या चौकटीत कुठेच नसतं. धावबादचं सगळं नाट्य दोन माणसांच्या समजुतीत असतं. ते तुम्ही नंतर रिप्लेमध्ये तुकड्यातुकड्यांनी दाखवता. त्या पाच सेकंदांत कॅमेरा मागे घ्या आणि चेंडू व फलंदाज एका चौकटीत राहू द्या. कंटाळवाणं दिसेल ही भीती सोडा.

पण ज्या खेळांचं तुमच्या हातून सर्वांत जास्त नुकसान होतं त्यांत क्रिकेट नाही. आमचे दोन खेळ आहेत, कबड्डी आणि खो-खो. प्रो कबड्डी २०१४मध्ये आली आणि तिने हा खेळ दिवाणखान्यात नेला, त्याचं श्रेय तुमच्याच क्षेत्राला आहे. अल्टिमेट खो-खोचा पहिला मोसम २०२२मध्ये पुण्यात बालेवाडीला झाला. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तो भारताने पुरुष आणि महिला दोन्ही गटांत जिंकला. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. खेळ पडद्यावर आला, ठीक. पण तुम्ही तो क्रिकेटच्या व्याकरणात दाखवता, आणि तिथे सगळं बिघडतं.

क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मधे थांबा असतो, म्हणून रिप्लेला जागा असते. खो-खोत असा थांबा नाही. पाठलाग करणारा सूर मारून गडी टिपतो, आणि तुम्ही लगेच तो सूर संथ गतीत दाखवायला घेता. तेवढ्यात उठलेला खेळाडू पुढच्या गड्यामागे लागलेला असतो, एक-दोन खो देऊन झालेले असतात, आणि तुम्ही परत येता तेव्हा तुकडीतला दुसरा गडीही संकटात असतो. त्याच्यापर्यंत डाव कसा पोचला हे आम्हाला कळलेलंच नसतं. खो-खोचं खरं सौंदर्य सुरात नसून त्याआधीच्या रचनेत आहे. पारंपरिक नियमांप्रमाणे आठ जण मधल्या पाटीवर आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले. नववा पाठलाग करतो, आणि त्याला मधली पाटी ओलांडायची किंवा घेतलेली दिशा बदलायची मुभा नाही. पळणाऱ्याला मात्र दोन्ही गोष्टींची मोकळीक. मग तो साखळी धरून बसलेल्यांच्या मधून आत-बाहेर पळतो, किंवा खांबाजवळ हूल देतो. खो कुणाला द्यायचा, कोणत्या क्षणी द्यायचा, कोणती बाजू बंद करायची, हा सगळा डावपेच फक्त उंचावरून दिसतो. कमरेच्या उंचीवरचा कॅमेरा एक धापा टाकणारा चेहरा दाखवतो. चेहरा सुंदर असतो, त्यात वाद नाही, पण त्यावरून खेळ समजत नाही. मुख्य कॅमेरा वर, मैदानाच्या लांबीला समांतर ठेवा. रिप्ले डाव संपल्यावर दाखवा, नाहीतर कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत. पट्टीत आत्ता कोणती तुकडी आत आहे, तिघांपैकी किती उरलेत आणि ते किती वेळ टिकलेत, एवढं असू द्या. शाळेत खो-खो खेळलेली कुणीही बाई टीव्हीसमोर बसली तर पहिल्यांदा हेच विचारेल.

कबड्डीत तर रिप्ले थेट गुण खातो. एक चढाई संपली की पुढच्या चढाईपटूला पाच सेकंदांत मध्यरेषा ओलांडायची असते. बोनसचा प्रयत्न बहुधा चढाईच्या सुरुवातीलाच होतो. समोर सहा किंवा सात जण असताना एक पाय बोनस रेषेपलीकडे आणि मागचा पाय हवेत, एवढ्यावर गुण मिळतो. आपण त्या वेळी मागच्या पकडीचा तिसरा कोन बघत असतो. परत येतो तेव्हा पट्टीवर एक गुण वाढलेला असतो आणि तो कुठून आला हे कुणी सांगत नाही. त्यापेक्षा निदान रेषेच्या पातळीवर, पाय दिसतील असा एक कॅमेरा ठेवा. गाण्यांचा आवाज कमी करून चढाईपटूचा दम ऐकू येऊ द्या. ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणणं हा त्या खेळाचा नियम आहे, पार्श्वसंगीत नव्हे.

कुस्तीबद्दल थोडक्यात. पाठ टेकली की नाही हा प्रश्न खांद्यापाशी सुटतो. फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत गादी विभागाच्या लढतीत पाठ टेकल्याच्या निर्णयावर चिडलेला मल्ल पंचांच्या अंगावर गेला, ते सगळ्यांनी पाहिलं. मल्लाच्या वागण्याचं समर्थन कुणी करू नये. पण गादीच्या दोन्ही बाजूंना खाली, खांद्यांच्या पातळीवर कॅमेरे लावणं आणि ते चित्र पंचांना व प्रेक्षकांना एकाच वेळी दाखवणं, हे काम इतक्या मोठ्या स्पर्धेच्या आवाक्यातलं आहे.

चांगलं काम कसं असतं तेही सांगतो, नाहीतर हे पत्र नुसतं कुरकुरणारं वाटेल. १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं, ४५१.४ गुण. नेमबाजीत दिसण्यासारखं काय असतं? माणूस हलत नाही, गोळी दिसत नाही. तरी ती अंतिम फेरी खुर्चीच्या टोकावर बसून पाहिली गेली, कारण प्रत्येक नेमानंतर लक्ष्यावरचा ठिपका, दशांशातला गुण आणि क्रमवारी, तिन्ही गोष्टी लगोलग समोर येत होत्या. गुडघ्यावर आणि झोपून नेम धरून झाल्यावर मागे असलेला मुलगा उभ्याच्या फेरीत वर कसा सरकतो आहे, हे नेमबाजी कधी न पाहिलेल्यालाही समजत होतं. ग्राफिक्सशिवाय तो खेळ टीव्हीवर उभाच राहिला नसता.

शेवटची तक्रार प्रेक्षकांच्या चित्रांची. दोन चेंडूंमध्ये तुमचा कॅमेरा गॅलरीत फिरतो आणि बहुधा तरुण मुलींवर थांबतो. २०१८च्या फुटबॉल विश्वचषकात ‘फिफा’ने प्रक्षेपकांना अशी चित्रं कमी करायला सांगितलं होतं. तिकीट काढून सामना बघायला आलेली बाई दुसऱ्या दिवशी फोनाफोनीचा विषय व्हावी, हे तिने कबूल केलेलं नसतं. खेळाडूंच्या लहान मुलांवर कॅमेरा नेऊ नका. संघमालकांच्या आणि सिनेनटांच्या कक्षावर तो नेता, त्याबद्दल फक्त एवढंच विचारतो, की एखाद्या षटकात ते कमी दिसले तर कुणाचं काय अडेल? गॅलरी दाखवायचीच असेल तर वानखेडेच्या नॉर्थ स्टँडमधला वहीत धावा टिपणारा म्हातारा दाखवा. असे लोक अजून आहेत.

एवढ्या मागण्या एकदम मान्य होणार नाहीत, हे जाणतो. म्हणून एकच विनंती आधी करतो. पुढच्या मोसमाच्या पहिल्या सामन्यात एक षटक असं दाखवून बघा, की ज्यात पडद्यावर एकही पट्टी सरकणार नाही, कॅमेरा गॅलरीत जाणार नाही, आधी क्षेत्ररचना दिसेल, सहा चेंडू गोलंदाजाच्या धावेच्या पहिल्या पावलापासून दिसतील, आणि षटक संपल्यावर जाहिरातीआधी दोन सेकंद मैदान दिसेल. मग लोक काय म्हणतात ते बघा. त्या डावातल्या उरलेल्या एकोणीस षटकांबद्दल आपण नंतर बोलू.

उत्तराची वाट पाहतो आहे. कळावे, लोभ असावा.

आपला,
एक गुणलेखक
दादर, मुंबई